माळ पिशवीत, पंगत वेगळी

पत्राचा सारांश : एकवीस वर्षांची ही विद्यार्थिनी पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेते. घर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातले, माळकरी. आजोबा गावच्या दिंडीचे विणेकरी, म्हणजे वीणा घेऊन चालणारे मानकरी, असून शाळेत असल्यापासून ती त्यांच्याबरोबर आषाढी वारीतले काही मुक्काम चालत आली आहे. गेली दोन वर्षे ती एका पुरोगामी विद्यार्थी संघटनेत काम करते. रखडलेल्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहातले प्रवेश आणि फीवाढ हे तिचे विषय. एका अभ्यासवर्गात एका सहकाऱ्याने तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहून ‘आधी हे जोखड उतरव, मग समतेवर बोल’ असे म्हटले आणि सगळे हसले. तेव्हापासून ती बैठकीला जाताना माळ पिशवीत ठेवते आणि गावी जाताना एसटीत पुन्हा घालते. इकडे गावच्या सप्ताहात येणारे एक कीर्तनकार अभंग बाजूला ठेवून एका समाजाविरुद्ध बोलू लागले आहेत आणि निवडणुकीच्या तोंडावर मत कोणाला द्यावे हेही सांगतात. तिने घरी नाराजी व्यक्त केली तेव्हा ‘पुण्याला जाऊन हेच शिकलीस का’ असे वडिलांनी विचारले. पत्राच्या शेवटी ती ओझरते लिहिते की वारीत जातपात नसते असे सगळे म्हणतात, पण दिंडीच्या मुक्कामावर गावातल्या दलित वस्तीतून येणारी चार-पाच माणसे थोडी बाजूला, वेगळी बसून जेवतात. तिचा प्रश्न असा : ‘पांडुरंगावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला नीट सांगता येत नाही; पण हरिपाठ कानावर पडला की डोळे भरून येतात. मी ढोंगी आहे का? दोहोंपैकी एक सोडावेच लागेल का?’

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोन दिवसांच्या अंतराने दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला ते श्रद्धा आणि चळवळ यांच्या ओढाताणीचे पत्र वाटले, आणि तुम्हालाही ते तसेच वाटत असावे. दुसऱ्यांदा वाचताना मी एक साधा हिशेब केला : माळेवर तुम्ही जवळजवळ दीड पान लिहिले आहे, कीर्तनकारांवर एक पान, आणि त्या वेगळ्या पंगतीवर दोन ओळी, त्याही ताजा कलम लिहावा तशा. उत्तरात हे प्रमाण मी उलटे करणार आहे. परंतु ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे त्याचे आधी पाहू.

तुम्ही ढोंगी आहात असे मला वाटत नाही. मान, मत किंवा बिदागी मिळावी म्हणून अंगी नसलेली श्रद्धा मिरवणे याला आपण ढोंग म्हणतो. तुम्ही लोकांच्या हसण्याला भिऊन माळ पिशवीत ठेवलीत, हा फार तर भिडस्तपणा आहे आणि तुमच्या वयात तो कोणालाही होतो. राहिला विश्वासाचा प्रश्न. ‘देव मानतोस ना?’ असे विचारून आजोबांनी कोणाला दिंडीत घेतल्याचे तुम्ही कधी पाहिले नसेल. वारकरी पंथ देवाविषयीच्या खात्रीपेक्षा नेमावर अधिक उभा आहे : माळ, एकादशी, नामस्मरण आणि वारी. नामदेवांच्या आणि तुकोबांच्या अभंगांत देवाशी केलेली भांडणे आहेत, रुसवे आहेत, ‘तू आहेस तरी का’ इथवर गेलेला त्रागाही आहे. हरिपाठ ऐकून भरून येणाऱ्या तुमच्या डोळ्यांत पांडुरंग किती, आजोबांचा आवाज किती आणि लहानपणी चिखल तुडवत चाललेली वाट किती, हे तराजूत घालून ठरवण्याची घाई करू नका. त्याचा निकाल संघटनेलाही द्यावा लागत नाही आणि वडिलांनाही.

तुमच्या सहकाऱ्याच्या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे आणि तुम्हीही ते न तपासता स्वीकारले आहे, की समतेच्या लढ्यात उतरायचे तर देवाला उंबऱ्याबाहेर ठेवून यावे लागते. महाराष्ट्रात हे इतके सरळ कधीच नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो भटशाहीविरुद्ध, पण ‘निर्मिक’, म्हणजे सृष्टीचा निर्माता, त्यांनी ठेवला. विठ्ठल रामजी शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक होते आणि त्याच श्रद्धेतून त्यांनी १९०६ साली अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन उभारले. गाडगेबाबांचे उदाहरण तर तुमच्या वारीच्या वाटेवरचे आहे. वाळवंटात कीर्तन करणाऱ्या या माणसाने लोकांच्या वर्गणीतून पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली आणि १९४९ साली ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आणि बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, पुढे ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. ही नावे सहकाऱ्याच्या तोंडावर फेकण्यासाठी मी देत नाही. आगरकरांसारखे, नरेंद्र दाभोलकरांसारखे देव न मानणारेही याच परंपरेतले आहेत, आणि त्यांचे ऋण तुमच्या संघटनेवर आहे तसेच तुमच्या गावावरही आहे. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झिजले त्याला काही वारकरी संघटनांनीही विरोध केला होता. वास्तविक त्या वर्षी संमत झालेल्या कायद्यात यात्रा, परिक्रमा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असे स्वतंत्र कलमच आहे. गावाकडे या कायद्यावरून वाद निघाला तर एवढी माहिती गाठीशी असू द्या.

आता तुमच्या सहकाऱ्याविषयी. तो कोणत्या घरातून आला आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने त्यावर बरेच अवलंबून आहे. पुस्तके वाचून नुकताच नास्तिक झालेला एखादा सवर्ण मुलगा असेल तर त्याचा विनोद स्वस्त होता, तेवढ्यावर तो सोडून देता येईल. परंतु तो बौद्ध घरातला असेल, तर ‘जोखड’ या शब्दाला वजन आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. जवळजवळ पाच वर्षे माणसे दारात उभी राहिली, मार खाल्ला, आणि दार उघडले नाही. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी सांगितले की हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले आणि ते दार उघडले; मात्र ज्यांच्यासाठी उघडले त्यांच्यातल्या मोठ्या समुदायाने तोवर त्या दाराकडे पाठ फिरवली होती. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याचे आजोबा जन्मले तेव्हा पंढरीचा विठोबा त्यांना बाहेरूनच हात जोडण्यापुरता असावा. तुमच्या माळेत तुम्हाला आजोबा दिसतात आणि त्याला ते बंद दार दिसते. दोघांनाही जे दिसते ते खरे आहे. अभ्यासवर्गात सगळ्यांसमोर हे बोलणे जमणार नाही; दोघांनीच चहाला बसा, ‘तू हसलास ते मला लागले’ हे आधी सांगा, आणि मग ‘तुला माळेत काय दिसते’ हे विचारून त्याचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकून घ्या. येत्या २० मार्चला तो महाडच्या चवदार तळ्यावर जाणार असेल तर त्याच्याबरोबर जा. पुढे पालखी पुण्याहून सासवडकडे निघेल तेव्हा दिवे घाट चढायला त्याला बोलावता येईल, मात्र घाट चढला की त्याचे मतपरिवर्तन होईल अशी अपेक्षा ठेवून बोलावू नका.

संघटनेत माळ घालायची की नाही, हा निर्णय तुमचा. घालायची ठरवलीत तर एकदाच, शांतपणे सांगा की ही माझ्या घरची माळ आहे, ती काढायची असेल तेव्हा मी काढीन, आणि शिष्यवृत्तीच्या कामात तिची अडचण झालेली कोणी दाखवली तर त्यावर बोलू. नको वाटली तर तेही भीतीपोटी नको, विचारपूर्वक ठरवा आणि आजोबांना स्वतः सांगा. माळकरी घरात माळ उतरवणे ही साधी गोष्ट नसते आणि ती त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये. मला अशा आशयाची पत्रे इतरही तरुण लिहितात : मोर्चात हिजाब घातल्याबद्दल टोमणे ऐकणाऱ्या मुली, रविवारी चर्चला जातो म्हणून ‘मागासलेला’ ठरलेला मुलगा, आणि उलट बाजूने, घरच्या आरतीला उभे राहत नाही म्हणून घरात बोलणे बंद झालेला एक जण. या सगळ्यांना मी एवढेच सुचवतो, की ज्या गटात आपल्या शरीरावरच्या खुणेची चेष्टा चालते त्या गटाच्या बैठकीत तो विषय कामकाज म्हणून मांडावा, तक्रार म्हणून नव्हे. संघटनेत कोणाच्या धर्माची, जातीची, कपड्यांची चेष्टा होणार नाही असा ठराव घ्यायला लावावा. ठराव नाकारला गेला तर त्या संघटनेविषयी तुम्हाला पुरेसे कळले असे समजा.

येथपर्यंत तुमची बाजू घेतली. आता पंगतीकडे येतो. तुम्ही लिहिता, ‘वारीत जातपात नसते असे सगळे म्हणतात.’ म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण हे विधान वस्तुस्थितीला धरून कधीच नव्हते. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वतः दिंडीत चालल्या, आणि एकाच दिंडीतली ब्राह्मण आणि मराठा मंडळी एकत्र चालतात, एकत्र गातात आणि जेवायला वेगळी बसतात हे पाहून अस्वस्थ झाल्या. त्याही आधी शतकानुशतके चोखोबा महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहेत. त्यांच्या समाधीचे दर्शन घेऊन आत जाणारे आपण, समाधी दाराबाहेर का आहे हा प्रश्न फारसा विचारत नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत अंगावर कोसळून ज्याचा अंत झाला, त्या चोखोबांच्या स्मृतीला बाबासाहेबांनी १९४८ साली आपला अस्पृश्यतेच्या उगमावरचा ग्रंथ नंदनार आणि रविदास या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या संतांसह अर्पण केला. ज्यांनी वारकरी पंथ कधीच स्वीकारला नाही त्यांनी हे केले, आणि चोखोबांचे अभंग पाठ असलेल्या तुमच्या दिंडीत आजही चार माणसे बाजूला बसतात. तुमच्या सहकाऱ्याने माळेवर बोट ठेवले. मी पंगतीवर ठेवतो. श्रद्धा आणि न्याय यांचा सांधा तुमच्या बाबतीत कुठे दुखतो आहे तर तो तिथे, आणि तिथे काही करता येण्यासारखे आहे.

यात पहिले पाऊल भाषणाचे नाही. आधी त्या चार-पाच माणसांशी, विशेषतः त्यांच्यातल्या बायकांशी बोला. ती आपण होऊन वेगळी बसतात की बसवली जातात, वाढप कोण करते, पाण्याचा हंडा एकच असतो का, हे विचारा. आणि हा विषय निघालेला त्यांना हवा आहे का, हे तर विचाराच. अस्पृश्यता पाळून कोणाला वेगळे बसवणे हा संविधानाच्या अनुच्छेद १७ नुसार आणि १९५५ पासून असलेल्या कायद्यानुसार गुन्हा आहे. तरीही तक्रारीचा निर्णय त्यांचा आहे. तुम्ही पुण्याला परत जाल. त्यांना त्याच गावात मजुरीला जायचे असते, त्याच दुकानातून उधारीवर किराणा घ्यायचा असतो. त्यांना पुढे करून आपण शूर ठरायचे, हा प्रकार चळवळीत मी पुष्कळ पाहिला आहे आणि मला त्याची चीड आहे.

त्यांची हरकत नसेल तर दुसरे पाऊल मुक्कामावर न उचलता प्रस्थानाआधी उचला. दिंडी निघण्यापूर्वी भिशीचा, शिध्याचा, ट्रकचा आणि तंबूचा हिशेब करायला बैठक बसते, तिथे पंगतीची व्यवस्थाही ठरते. मुक्कामावर थकलेल्या, भुकेल्या माणसांसमोर हा वाद काढलात तर सगळे एक होऊन तुम्हाला गप्प बसवतील; बैठकीत तो व्यवस्थेचा प्रश्न म्हणून निघेल. वाढपाची जबाबदारी मागून घ्या. वाढणाऱ्याला कोण कुठे बसेल हे थोडे तरी ठरवता येते. आणि आजोबांना सोबत घ्या. तुम्ही त्यांच्याविषयी ज्या मायेने लिहिले आहे त्यावरून ते तुमचे ऐकून घेतील असे वाटते. जातिव्यवस्थेवर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यात तुम्ही अभ्यासवर्गातले शब्द वापराल आणि ते दुखावतील. एखाद्या संध्याकाळी हरिपाठ संपल्यावर एवढेच विचारा, ‘आजोबा, चोखोबा आपल्या दिंडीत आले तर जेवायला कुठे बसतील?’ मग त्यांना उत्तर शोधू द्या, महिनाभर लागला तरी. विणेकऱ्याच्या पाया दिंडीतली लहानथोर सगळी माणसे पडतात. तो उठून ज्या पंगतीत जाऊन बसेल ती पंगत वेगळी राहत नाही. हे काम तुम्ही किंवा तुमची संघटना दहा पत्रके काढूनही करू शकणार नाही. आजोबांनी नकार दिला तर तुमचे ताट घेऊन तुम्ही तिकडे बसा, रोज बसा, त्याचा गाजावाजा करू नका आणि त्याचे छायाचित्र तर काढूच नका.

कीर्तनकारांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण तिथे पैसा तुमच्या गावाचा आहे. सप्ताहाला कोणाला बोलवायचे हे वर्गणी काढणारी समिती ठरवते. वारकरी कीर्तनात एक अभंग निरूपणाला घेतलेला असतो आणि श्रोत्यांना तो ठाऊक असतो. त्यामुळे ‘महाराज, आपण घेतलेल्या अभंगात हे कोणत्या चरणात आहे?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणत्याही श्रोत्याला आहे. तो भर कीर्तनात विचारू नका, नंतर दर्शनाला जाल तेव्हा, दोन मैत्रिणी आणि एखादे जाणते भजनी सोबत घेऊन, नम्रपणे विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला बोलवावे असे समितीतल्या चार जणांच्या कानावर घाला. धार्मिक संस्थेच्या जागेचा राजकीय प्रचारासाठी वापर होऊ देण्याला १९८८ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे, ही माहिती समितीच्या एखाद्या विचारी सदस्याला देऊन ठेवा. सुरुवातच कायद्याने करू नका. चित्रफीत काढून समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह आवरा. तुम्हाला पुण्यात शाबासकी मिळेल आणि झळ तुमच्या आईला गावात सोसावी लागेल. मात्र बोलणे कोणावर हात उगारण्याच्या चिथावणीपर्यंत गेले, तर भीड न धरता पोलीस ठाण्यात जा, आणि एकट्या जाऊ नका.

राजकारण आणि भक्ती यांची ही सरमिसळ तुम्हाला गावाकडेच दिसते, याचे मला थोडे आश्चर्य वाटले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते की धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधःपाताचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. त्यांनी आक्षेप घेतला तो भक्तीच्या जागा बदलण्याला. हीच फूटपट्टी तुमच्या संघटनेलाही लावून पाहा. तिथे नेत्याच्या शब्दाला प्रश्न विचारता येतो का? पोस्टरवरच्या महापुरुषांविषयी शंका काढली तर लोक हसतात की ऐकतात? बैठकीनंतर सतरंज्या कोण उचलते आणि चहाचे कप कोण धुते, यावर तुम्ही लिहिले नाही; तीही एक पंगतच असते.

राहता राहिला ‘एक सोडावे लागेल का’ हा प्रश्न. कदाचित सोडावे लागेल. पंगतीविषयी तुम्ही बोलल्यावर दिंडीने तुम्हाला नको म्हटले, किंवा माळेसह संघटनेने स्वीकारले नाही, तर तुम्ही त्या जागेपासून दूर व्हाल आणि त्यात कमीपणा नाही. पण आज तुम्ही दोन्ही ठिकाणी न बोलता बाहेर पडण्याचा विचार करत आहात, म्हणून तो निर्णय किमान एक वारी पुढे ढकला. मुक्कामावर रोज रात्री चार ओळी लिहून ठेवण्याची सवय लावा : आज कोणासमोर काय लपवले आणि कोणाला काय विचारले.

आषाढीनंतर पुन्हा पत्र लिहाल तेव्हा पंगतीचे काय झाले ते सविस्तर कळवा. माळेविषयी काही लिहिले नाहीत तरी चालेल.